क्लचचा नट सुटेना! घरपोच स्कूटर सर्व्हिसिंगमध्ये कमाई नेमकी कुठे अडकते?



घरपोच स्कूटर सर्व्हिसिंगचा व्यवसाय करायचाय, असं म्हणत कुणी आलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो. क्लचचा नट शेवटचा कधी खोललात? ऑइल बदलणं, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक शू हे बहुतेकांनी घरच्या गाडीवर केलेलं असतं. क्लचचं नाव काढलं की हसतात. "सर, ते गॅरेजवाल्याकडंच बरं."

आणि ग्राहक नेमका तेच काम घेऊन येतो. गाडी उचलत नाही, सिग्नलवरून निघताना थरथरते, क्रांती चौकाचा उड्डाणपूल चढताना इंजिन ओरडतं पण गाडी पुढं सरकत नाही. या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा डाव्या बाजूच्या कव्हरच्या आत असतं, आणि तिथं जायच्या रस्त्यावर हा नट बसलेला असतो.

गारखेड्यातला एक मुलगा माझ्या बॅचला होता. वाळूजला कंत्राटी कामगार म्हणून चार वर्षं लाइनवर काढलेली, हात चांगला. नोकरी सोडली, पाठीवर टूलची बॅग घेतली आणि घरोघरी जाऊन सर्व्हिसिंग सुरू केलं. दुसऱ्याच आठवड्यात मुकुंदवाडीत एका काकांच्या स्कूटरचा क्लच खोलायला बसला. काम ठरलं साडेतीनशे रुपयांना. सकाळी दहाला सुरुवात, बारा वाजले तरी नट जागचा हलेना. काका दोनदा चहा देऊन गेले, तिसऱ्यांदा चहा न आणता आले. "भाऊ, सकाळपासून एकाच नटावर बसलाय का?" घाई झाली, छन्नी लावली, हातोडी मारली. नट गोल झाला, शाफ्टचे पुढचे दोन आटे चेपले. गाडी छोट्या टेम्पोत घालून गॅरेजला गेली आणि तो सगळा खर्च याच्या खिशातून गेला.

त्याने मला फोन केला तेव्हा त्याचं वाक्य होतं, "सर, माझी ताकद कमी पडली." मी म्हटलं, ताकद नाही रे, पकड कमी पडली. आजचा धडा त्यावरच आहे. थोडा हिशेबही आहे, तो सोडून पुढं जाऊ नका.

आधी नट नेमका कुठला, ते बघू. आपल्या शहरात आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर गिअर नसलेल्या आहेत. अ‍ॅक्टिव्हा घ्या, ज्युपिटर घ्या, अ‍ॅक्सेस घ्या, आतली मांडणी साधारण सारखीच. डावं कव्हर काढलं की पुढं एक पुली, मागं एक पुली आणि मध्ये बेल्ट. पुढची पुली इंजिनच्या क्रँकवर एका नटाने धरलेली. मागं जे डब्यासारखं लोखंडी झाकण दिसतं ते क्लचचं बेल, तेही एका नटाने धरलेलं. हे बेल काढलं की आत क्लचचे शू दिसतात. त्या शूच्या प्लेटच्या मधोमध तिसरा नट असतो, मोठा आणि पातळ. याच्या मागं मोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तीन नट, तिघांचा स्वभाव वेगळा. व्हिडिओ बघून शिकलेले लोक तिघांना एकाच पान्याने, एकाच पद्धतीने भिडतात, तिथंच गडबड होते.

जुना चेतक अजून कुणाकडे असेल तर त्याचं प्रकरण निराळं. १९७२ साली आलेली ती गिअरची गाडी. तिचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला आणि थेट क्रँकवर बसवलेला. नट किल्ल्याच्या तटासारखा खाचांचा, त्याखाली लॉकची चाकी. या नटाला दातांचा खास पाना लागतो. लॉकच्या चाकीचा वाकवलेला कान आधी सरळ करा, मग पाना लावा. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घालून हातोडी मारायची सवय फार जुन्या मिस्त्रींपासून चालत आलीय, पण त्याने खाचा तुटतात. क्लच बाहेर येताना क्रँकवरची अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी पडते. ती गवतात किंवा वाळूत गेली की दिवस गेला. खाली जुनी चादर अंथरा. नव्या इलेक्ट्रिक चेतकला हा क्लचच नाही, त्यामुळे या धड्याचं आयुष्य किती ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल स्कूटर म्हाताऱ्या होईपर्यंत तरी हे काम पुरून उरेल.

आता नट जाम का होतो? नट आवळताना आपण जो जोर लावतो, त्यातला ढोबळमानाने नव्वद टक्के जोर घर्षणात जातो, अर्धा नटाच्या खालच्या पृष्ठभागावर आणि बाकीचा आट्यांमध्ये. खरं दाबून धरायच्या कामाला जेमतेम दहा टक्के लागतो. म्हणजे तुमची लढाई घर्षणाशी आहे. त्यात गंज आला की गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आट्यांमधली बारीक फट भरून जाते. शिवाय आधीच्या माणसाने टॉर्क न बघता इम्पॅक्ट गनने नट ठोकून बसवलेला असतो. आपल्याकडे हे फार होतं. आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट कव्हरच्या फटीत मारतात, ते वेगळंच.

तुमच्यापैकी जे वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत लाइनवर होते, त्यांना हे नव्याने सांगायला नको. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागून सुटे भाग बनवणारे किती व्हेंडर आले. त्या लाइनवर प्रत्येक नटाला ठरलेला टॉर्क असतो, तपासलेली गन असते, आवळल्यावर रंगाची खूण असते. तिथं तुम्ही हे रोज पाहिलंय. मग स्वतःच्या धंद्यात आल्यावर अंदाजाने का आवळता? कंपनीतून घेऊन येण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट ही शिस्त आहे, आणि तिला भांडवल लागत नाही.

चला, मागच्या बेलच्या नटाकडे.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन पूर्ण थंड, किल्ली खिशात. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. कव्हर ओढताना गॅस्केट आणि दोन छोट्या डॉवेल पिना कुठं चिकटल्यात ते बघा. आतली काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. ती क्लचच्या लायनिंगची धूळ आहे, फुप्फुसात जायची चीज नाही. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा.

मग नटाचा फोटो काढा. नट गोल आहे का, आधी कुणी छन्नी मारलीय का, शाफ्टचं टोक चेपलंय का, हे फोटोत दिसलं पाहिजे. हा फोटो तुमचा वकील आहे. बाहेर दिसणारे आटे नीट बघा म्हणजे दिशाही कळते. या गाड्यांवर हा नट सहसा नेहमीच्याच, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, पण बघून खात्री करायला दहा सेकंद लागतात.

इथं बहुतेक जण मागचा ब्रेक दाबून धरतात आणि पान्यावर उभे राहतात. बेल ज्या शाफ्टवर आहे तो गिअरमधून चाकाला जोडलेला असतो, म्हणून कल्पना चुकीची नाही. पण गिअरमुळे शाफ्टवरचा तुमचा जोर चाकापर्यंत जाताना कितीतरी पट वाढतो. जाम नटावर ब्रेक ते सहन करत नाही, चाक घसरतं आणि सगळा ताण गिअरच्या दातांवर बसतो. काहीजण पुढच्या पुलीच्या पंखात रॉड अडकवतात. ती पाती कमकुवत असतात, टचकन तुटतात. मी स्वतः माझ्या पहिल्या गाडीची दोन पाती अशीच तोडली आहेत, म्हणून छातीठोकपणे सांगतोय.

बेल धरायला होल्डर घ्या. दोन टोकांना पिना असलेली पट्टी असते, पिना बेलच्या भोकांत बसतात. बाजारात तयार मिळतो. नाहीतर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टीचा बनवून घ्या, आपल्या शहरात अशा माणसांची काय कमी आहे? आता महत्त्वाचं. डाव्या बाजूने गाडीकडे तोंड करून बसलात की गाडीचं तोंड तुमच्या डाव्या हाताला येतं. होल्डरचा दांडा गाडीच्या तोंडाकडे करा आणि त्याचं टोक खाली लाकडी ठोकळ्यावर टेकवा. पाना लावतानाही दांडा पुढच्याच बाजूला ठेवा आणि वरून खाली दाबा. नट सुटायच्या दिशेला फिरतो, बेल त्याच दिशेला वळू बघतं, पण होल्डर ठोकळ्यावर अडतो. तुमचा सगळा जोर जमिनीत जातो. गाडी डुलत नाही, स्टँडवरून पडत नाही, दुसरा माणूस लागत नाही. माझा गारखेड्याचा गडी दोन तास जे करत होता त्यात हीच एक गोष्ट नव्हती. त्याने लावलेला अर्धा जोर गाडी हलवण्यात गेला.

पाना कुठला? सहा कोनांची गोटी, नटावर पूर्ण बसणारी. बारा कोनांची गोटी जाम नटावर कोपरे खाते. फिक्स पाना तर लावूच नका. दांडा लांब हवा. तीस सेंटिमीटरच्या दांड्यावर तीस किलोचा भार दिलात तर साधारण ८८ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, दांडा साठचा केला की त्याच भारात दुप्पट. मात्र स्वस्त रॅचेटला पाइप लावू नका, आतले दात जातात. सरळ टॉमी रॉड किंवा ब्रेकर बार घ्या.

तरीही हलेना? मग क्रमाने जा. आधी गंज सोडवणारं तेल आट्यांवर थेंबभर टाका. स्प्रेची पिचकारी बेलच्या आत मारू नका. शूवर किंवा बेल्टवर तेल गेलं की क्लच घसरणार आणि ग्राहक उद्या परत फोन करणार. तेलाला पंधरा-वीस मिनिटं द्या, तेवढ्यात ब्रेक साफ करून घ्या. मग नटाच्या सपाट बाजूंवर हलके ठोके द्या, शाफ्टच्या टोकावर नाही. टोकावर मारलं की आटे पसरतात आणि मागच्या बेअरिंगला मार बसतो. त्यानंतर एक गंमत करा, नट सोडवायच्या आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा. केसभर हलला तरी गंजाची पकड तुटते, मग उलट फिरवा.

उष्णता द्यायची असेल तर हीट गन. टॉर्च किंवा स्टोव्हची ज्वाला घराच्या पार्किंगमध्ये, पेट्रोलच्या टाकीजवळ, कधीही नाही. चौदा मिलिमीटरचा नट शंभर अंशांनी तापला तर भोक जेमतेम दीड-दोन शतांश मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण अडकलेल्या आट्यांना तेवढं पुरतं. आधीच्या मिस्त्रीने पक्कं लाल लॉकिंग लिक्विड लावलं असेल तर ते मऊ व्हायला साधारण अडीचशे अंश लागतात, आणि शेजारचं रबरी ऑइल सील तेवढं सहन करत नाही. अशा वेळी तापवत बसू नका, इम्पॅक्ट रेंच काढा.

इम्पॅक्ट रेंच जादू का करतो? तो सलग जोर लावत नाही, एका सेकंदात अनेक लहान झटके देतो. जड बेल स्वतःच्या वजनाने जागेवर राहतं आणि झटका नटाला बसतो. सोडवायला हे यंत्र उत्तम. आवळायला मात्र अजिबात वापरू नका, नाहीतर पुढच्या वेळचा जाम नट तुम्हीच तयार करून ठेवाल.

नट गोलच झाला असेल तर तो वाचवायच्या नादाला लागू नका. एका सपाट बाजूवर बारीक कटिंग व्हीलने आट्यांपर्यंत न पोचेल असा काप घ्या आणि कापात छन्नी ठेवून नट फोडा. नट स्वस्त, शाफ्ट महाग.

तिसऱ्या नटाबद्दल दोन वाक्यं, पण ती पाठ करा. मोठ्या पातळ नटामागं दाबलेली स्प्रिंग आहे. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर नसेल तर हा नट ग्राहकाच्या दारात उघडू नका. शेवटचा आटा सुटला की प्लेट तोंडावर उडते. गॅरेजमध्ये दोघं जण गुडघ्याने दाबून हे करतात, बघितलंय मी. तुम्ही एकटे असता. असेंब्ली काढून घरी न्या, बाकावर कॉम्प्रेसरमध्ये धरून उघडा, दुसऱ्या दिवशी बसवा. ग्राहकाला तसं आधी सांगा. माणसं एक दिवस थांबतात, सांगितलेलं असलं तर.

आता हिशेब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा तुमच्या एका तासाची किंमत दोनशे रुपये. त्यात पेट्रोल, फोन, टूलची झीज आणि घरी न्यायचा पगार आला. क्लचचं काम साडेतीनशेला घेतलं, पाऊण तासात झालं, तर खर्च दीडशे आणि दोनशे उरले. तेच काम अडीच तास चाललं तर खर्च पाचशे. म्हणजे दीडशे रुपये तुम्ही ग्राहकाला देऊन आलात, वर बारा वाजताची आणि एक वाजताची अशी दोन कामं गेली ती वेगळी. नट तुटला, शाफ्ट गेला, हा तर यानंतरचा विषय.

म्हणून पाना लावायच्या आधी ग्राहकाशी बोला. आवाज साधा ठेवा. "काका, नट जुना आहे, हा फोटो बघा. अर्धा तास मी ठरलेल्या पैशांत प्रयत्न करतो. नाही सुटला तर मशीन लावावी लागेल, त्याचे दीडशे वेगळे. नट तोडावा लागला तर नवीन नटाचे पैसे तुमचे, पण माझ्या हातून शाफ्टचे आटे गेले तर ते माझ्यावर." चार वाक्यं. मग हेच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसोबत पाठवा आणि 'ठीक आहे' असं उत्तर येऊ द्या. मुकुंदवाडीच्या काकांशी हे बोलणं सकाळी दहाला झालं असतं तर बाराला भांडण झालं नसतं. शेवटच्या वाक्यावर बरेच जण अडतात. "सर, जबाबदारी अंगावर कशाला घ्यायची?" मला वाटतं घ्यावी. ती घेतली की तुमचा हात आपोआप छन्नीकडे जात नाही.

टूलसाठी लोक लगेच कर्जाचं विचारतात. मुद्रा योजनेत शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, हे खरं. उद्यम नोंदणीही फुकट आहे, ती जरूर करा. पण होल्डर, गोट्या, ब्रेकर बार, टॉर्क रेंच आणि एखादा साधा इम्पॅक्ट, समजा हे सगळं बारा हजारांत बसलं. प्रत्येक क्लचच्या कामात तुमचा एक तास वाचला तर दोनशे रुपये वाचले. साठ कामांत टूल फिटलं. महिन्याला दहा क्लच केलेत तर सहा महिने. यासाठी हप्ता कशाला डोक्यावर घ्यायचा? पहिल्या महिन्यात होल्डर, चांगली गोटी आणि बार घ्या, पुढचं कमाईतून. टॉर्क रेंच मात्र इम्पॅक्टच्या आधी घ्या. सगळे उलटं करतात.

बसवताना आटे तारेच्या ब्रशने साफ करा, नवीन लॉक नट वापरा, शाफ्टच्या दातांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि जास्तीचं पुसून टाका. पुलीच्या तोंडावर, बेल्टवर, शूवर बोटाचा चिकटपणाही नको. टॉर्कचा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, मित्राच्या तोंडून नको. आवळताना होल्डर आता उलट बाजूला, म्हणजे गाडीच्या शेपटीकडे, टेकवावा लागतो. पाना फिरवायचा तो घड्याळाच्या दिशेने. टॉर्क झाला की नटावर आणि शाफ्टवर मिळून पेंटची एक रेघ मारा. पुढच्या सर्व्हिसिंगला रेघ सरळ दिसली म्हणजे नट जागचा हललेला नाही.

कव्हर लावा, गाडी स्टँडवरच चालू करा, मागचं चाक मोकळं फिरतंय का ते बघा. मग ग्राहकाला मागं बसवून गल्लीतून एक चक्कर मारा. जुना नट खिशात ठेवू नका, त्यांच्या हातात द्या. गारखेड्याचा गडी आता तेच करतो. मुकुंदवाडीच्या त्या काकांनी या दिवाळीत त्याला परत बोलावलं, मुलीच्या गाडीसाठी.

पुढच्या धड्यात पुढची पुली उघडू. रोलर झिजलेत हे न खोलता कसं ओळखायचं आणि त्याचं एस्टिमेट कसं द्यायचं, ते बघू. तोपर्यंत भंगारवाल्याकडून एक जुनी क्लच असेंब्ली आणा आणि घरी कॉम्प्रेसर लावून दहा वेळा खोला, दहा वेळा बसवा. प्रत्येक वेळी किती मिनिटं लागली ते वहीत लिहा.